आमचा हिरो बॅनरच्या कोपऱ्यात असतो

विसर्जन झालं की पुढचे तीन-चार दिवस आमच्या लाईनमधल्या प्रत्येकाच्या कानात शिट्टी वाजत असते, आडवं झालं की जास्तच. मी साऊंड भाड्यानं देतो, सांगली, मिरज, तासगाव, कधी जत-कवठेमहांकाळकडं पण, लग्न, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, मंडळाचे कार्यक्रम, काय असेल ते. तर अशाच एका शिट्टीवाल्या रात्री झोप येईना म्हणून मावसभावानं कधीतरी सुचवलेला एक इंग्लिश पिक्चर मोबाईलवर लावला, 'पॉपस्टार: नेव्हर स्टॉप नेव्हर स्टॉपिंग'. २०१६ चा आहे. हसलो भरपूर, बायको उठून काय झालं बघायला आली एवढा हसलो, पण संपल्यावर एक गोष्ट डोक्यात जी अडकलीय ती निघेना म्हणून हे लिहायला घेतलंय.

पिक्चर थोडक्यात सांगतो. अँडी सॅमबर्ग, अकिव्हा शॅफर आणि जोर्मा टॅकोन हे शाळेपासूनचे तीन दोस्त, त्यांनीच लिहिलाय आणि त्यांनीच कामं केलीत. खोटी डॉक्युमेंटरी आहे, म्हणजे गायकाच्या मागं कॅमेरा घेऊन फिरायचं आणि बघा हा किती कष्ट करतो, किती साधा आहे असं दाखवायचं, तसली. २०११ ला जस्टिन बीबरवर आणि २०१२ ला केटी पेरीवर असले पिक्चर खरोखर आले होते, त्यांचीच ही टिंगल. यातला हिरो कॉनर, तीन पोरांच्या ग्रुपमधनं फुटून एकटा मोठा झालेला. ज्या ओळींमुळं त्याचं नाव झालं त्या लिहिल्या दुसऱ्याच दोस्तानं, क्रेडिट घेतलं यानं, तो दोस्त चिडून शेती करायला निघून जातो. तिसरा दोस्त डीजे म्हणून मागं उभा, काम काय तर आयपॉडचं बटण दाबायचं. (हे बघून मला आमच्या राजाची आठवण आली, माझा हेल्पर, ट्रॅकचं बटण दाबण्यात त्याची हयात चाललीय.) मग कॉनरचा दुसरा अल्बम आपटतो, गाणी लोकांच्या गळी उतरवायला फ्रीज नाहीतर ओव्हन उघडला की गाणं वाजणार अशी एका कंपनीबरोबर स्कीम करतात, आणि त्यापायी देशभरातली लाईट जाते. आपल्याकडं लाईट जायला एवढं मोठं कारण पण लागत नाही, ते सोडा.

आणि खरा विनोद पडद्याबाहेर झाला, पिक्चरला साधारण दोन कोटी डॉलर खर्च आला आणि थेटरात एक कोटी पण जमले नाहीत. आपटलेल्या अल्बमवरचा पिक्चर आपटला.

असल्या पिक्चरचा आजोबा म्हणजे १९८४ चा रॉब रायनरचा 'धिस इज स्पायनल टॅप'. त्यात एक गिटारवाला आपल्या अँपचं आवाज वाढवायचं बटण कौतुकानं दाखवतो, सगळ्यांचं दहापर्यंत जातं, आमचं अकरापर्यंत जातं. जगभर गाजलेला जोक. मी आमच्या एका डीजेवाल्या पोराला तो सांगितला तर तो गंभीर होऊन म्हणाला, मग बारा का नाही केलं? त्याला काय सांगणार, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलचा नियम आहे म्हणून सांगितलं तर तो त्याला जोक वाटला.

असो, मुद्द्यावर येतो. कॉनरच्या ताफ्यात एक माणूस पगारी ठेवलाय, आणि त्याचं काम एवढंच की फोटोत कॉनरच्या शेजारी असं उभं राहायचं की कॉनर उंच दिसला पाहिजे. बास. आणि कॉनरचं एक गाणं आहे, अख्खं गाणं मी किती नम्र आहे यावर, जगात माझ्याएवढा नम्र कोण नाही या थाटात. मी या गाण्याला हसत होतो आणि हसता हसता डोळ्यासमोर आमचा चौक आला, विश्रामबागपासून स्टँडपर्यंत ओळीनं बॅनर, वीस फुटी, गॉगल, सोन्याची चेन, मोबाईल कानाला, आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं? 'आपला नम्र'.

तेव्हा माझ्या डोक्यात पेटलं. आपण असले पिक्चर बघताना म्हणतो, बघा अमेरिकेतले स्टार कसे चढलेत, बघा कसं पब्लिक वेडं आहे. म्हणजे सेलिब्रिटीचं खूळ ही तिकडची बिमारी आणि आपण लांबनं बघणारे. माझं म्हणणं असं की बिमारी आपल्याकडं पण तीच आहे, फक्त उलटी बसलीय. तिकडं स्टारला उंच दाखवायला शेजारी माणूस भाड्यानं ठेवतात, आणि आमच्याकडं माणसाला उंच दाखवायला शेजारी स्टार भाड्यानं आणतात. बॅनर नीट बघा कधी. कार्यक्रम कुणाचा? टीव्हीवरच्या अमुक नटीचा. तिचा फोटो केवढा? कोपऱ्यात, गोलात, आमच्या अध्यक्षांच्या खांद्याजवळ. तिचा फोटो हा त्यांच्या शर्टाचा बिल्ला आहे असं वाटतं.

एका कार्यक्रमात मी उगाच घड्याळ लावून बसलो होतो, एका युवा मंचाचा वर्धापनदिन, गावाचं नाव सांगत नाही, बिल अजून यायचंय. स्टेजवर सेलिब्रिटी होती अकरा मिनिटं. त्याआधी सत्कार एक तास दहा मिनिटं. जेसीबीतनं फुलं, क्रेनला टांगलेला हार, फेटे, शाल, श्रीफळ, आणि निवेदक प्रत्येक वाक्याला दादांचं नाव घेतोय, श्वास घ्यायला थांबला तरी दादा म्हणतोय. अकरा मिनिटांत ती दोन गाण्यांवर नाचली, 'काय म्हणते सांगली' म्हणाली (सांगली तिथनं तीस किलोमीटर लांब), दादांबरोबर सेल्फी घेतला, गाडीत बसली, गेली. आमच्या लाईनीत याला सुपारी म्हणतात, अमक्याची सुपारी एवढी, तमक्याची तेवढी. शब्द बरोबरच आहे म्हणायचा.

आता कुणी म्हणेल हे सगळं टीव्ही आणि रीलनं आणलं, पूर्वी कलेला मान होता वगैरे. हे मला पटत नाही. स्टारचं वेड आमच्या मातीला नवीन नाही, या जिल्ह्यानं तर महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा स्टार दिलाय. बालगंधर्व आमच्या पलूसकडच्या नागठाण्याचे. त्यांनी स्टेजवर नेसलेली साडी, त्यांचे दागिने, त्यांची केसांची ठेवण, घरंदाज बायका त्यांची नक्कल करायच्या, म्हणजे एका पुरुषाकडं बघून बाईनं बाईसारखं कसं दिसायचं ते शिकत होत्या, आजच्या कुठल्या इन्फ्लुएन्सरला हे जमलंय? १९११ ला 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी त्यांची लहान मुलगी गेली होती, तरी माणूस स्टेजवर उभा राहिला. भरजरी शालू, अत्तर, खरे दागिने, खर्चाला काही धरबंध नाही, आणि मग कर्ज. बोलपट आल्यावर पब्लिक तिकडं वळलं, ते स्वतः पण १९३५ ला 'धर्मात्मा'त काम करून आले, पण ते दिवस परत आले नाहीत. १९६७ ला गेले, आणि पुण्यातलं त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं १९६८ ला. मिरजेत पण त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, मी तिथं खूप वेळा साऊंड लावलाय. कॉनरची गोष्ट यापुढं पाणचट चहा वाटते मला. पण एक फरक बघा, बालगंधर्वांना पब्लिकनं डोक्यावर घेतलं ते तिकीट काढून, आणि सोडलं ते पण तिकीट काढायचं बंद करून.

हा तिकिटाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यावर जरा थांबतो.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते विष्णुदास भावे यांच्यामुळं, ५ नोव्हेंबर १८४३, 'सीता स्वयंवर', शाळेत पाठ केलेलं असतंय सगळ्यांनी. पण पुढचं कुणी सांगत नाही. ते नाटक झालं चिंतामणराव पटवर्धन राजेसाहेबांच्या सांगण्यावरनं आणि त्यांच्याच आश्रयानं, म्हणजे स्पॉन्सर राजा. १८५१ ला राजेसाहेब गेले आणि आश्रय संपला, मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली आणि १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मला ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते या इतिहासातली. राजा गेला आणि त्याच्या जागी पब्लिक आलं. तेव्हापासनं नट कुणाला घाबरायला लागला? आठ आणे देऊन बसलेल्या माणसाला. त्याला नाही आवडलं तर तो उठून जाणार, शिव्या देणार, दुसऱ्या दिवशी येणार नाही.

आणि आता दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी त्याच सांगलीत आपण परत राजाकडं चाललोय. प्रवेश विनामूल्य. खुर्च्या फुकट, नाच फुकट, वर लकी ड्रॉ. सगळ्यांना वाटतं चंगळ आहे. पण ज्यानं पैसे दिले नाहीत त्याला नापसंतीचा हक्क पण नसतोय हो. कार्यक्रम बेकार झाला तर कुणाकडं तक्रार करणार? सेलिब्रिटीला तिचे पैसे आधीच मिळालेत, तिला तुम्ही हसला काय, जांभया दिल्या काय, ती फक्त दादांच्या चेहऱ्याकडं बघणार. म्हणून आमच्याकडं कॉनर होऊ शकत नाही. कॉनरचा अल्बम आपटतो कारण लोकांनी तो विकत घ्यायचा असतो. आमच्याकडं काहीच आपटत नाही. दरवर्षी प्रचंड प्रतिसाद, दरवर्षी अलोट गर्दी, पेपरात तोच फोटो. जिथं आपटायची सोयच नाही तिथं तुम्ही टिंगल तरी कशाची करणार?

यावर मावसभाव माझ्यावर उखडला, म्हणजे ज्यानं पिक्चर सुचवला तोच. म्हणाला, "तुझं काय जातंय रे? त्या पोरी गरिबाघरच्या असतात, रील करून चार पैसे मिळवालीत, तर तुमच्यासारख्यांना पोटात दुखालंय." त्याचं अर्धं बरोबर आहे आणि ते मी मान्य करतो. एका दुकानाच्या उद्घाटनाला रीलवाली एक मुलगी आली होती, असेल वीस-एकवीसची, बरोबर आई. स्टेजच्या मागं दोघी कागदावर भडंग खात बसलेल्या. माझ्याकडं आली आणि म्हणाली, "दादा, मॉनिटर जरा माझ्याकडं फिरवाल का, मला ठेकाच ऐकू येत नाही." मॉनिटर म्हणजे कलाकाराला स्वतःला ऐकू यावं म्हणून त्याच्याकडं तोंड करून ठेवलेला स्पीकर. इतक्या वर्षांत मला मॉनिटर हा शब्द वापरून कुणी बोललं नव्हतं, मोठ्या मोठ्या गायकांनी नाही. ती मुलगी तिचं काम चोख करत होती. नंतर घरी जाऊन तिचे व्हिडिओ बघितले आणि खालच्या कमेंट वाचल्या, तिच्या बोलण्यावर, तिच्या रंगावर, तिच्या गावावर, 'हिला कोण सेलिब्रिटी म्हणतंय' वगैरे, पानंच्या पानं. लोकांना वाटतं हे पण व्यंग आहे, सेलिब्रिटींची खिल्ली उडवतोय आम्ही. ही खिल्ली नव्हे. हे तिला तिच्या जागेवर परत बसवणं आहे. पॉपस्टारवाले ज्याला हसतात तो पैशात लोळणारा माणूस आहे, मागं कंपनी, पुढं कंपनी, त्याला हसल्यानं त्याचं एक जेवण कमी होत नाही. आम्ही हसतो त्या मुलीला, जिची निम्मी सुपारी त्या दिवशी 'नंतर देतो' म्हणून राहिली, माझ्या डोळ्यासमोर. आणि ज्यानं ती थकवली त्याच्या बॅनरला आम्ही लाईक मारतो.

म्हणून म्हणतो, टिंगल कुणाची करायची हे आधी ठरवा.

टीव्हीवर मराठीत नटांची टिंगल झाली नाही असं नाही. 'चला हवा येऊ द्या' २०१४ ला सुरू झालं तेव्हा आमच्या घरात सोमवार-मंगळवार जेवणं त्याच्यासमोरच व्हायची, मला आवडायचं, खोटं का बोलू. पण त्यात गंमत अशी की ज्याच्या पिक्चरची टिंगल चाललीय तोच पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवतोय, कारण शुक्रवारी त्याचा पिक्चर लागणार आहे. टिंगल हीच जाहिरात. नट किती दिलदार, स्वतःवर हसतो, झालं, अजून दोन तिकिटं खपली. आणि मी काय पॉपस्टारला फार डोक्यावर घेत नाहीये, त्यात पण तोच झोल आहे. रिंगो स्टार, मारिया कॅरी, अशर, फिफ्टी सेंट, असले खरे खरे स्टार त्यात स्वतःच्याच नावानं येऊन जातात, आणि त्या नम्रपणाच्या गाण्यात पण एक खराखुरा गायक स्वतः गातोय, अ‍ॅडम लेव्हिन. म्हणजे आम्ही बाबा त्या कॉनरसारखे नाही, आम्हाला विनोद कळतो, असं सर्टिफिकेट घेऊन गेले सगळे. पिक्चर तिथं मला थोडा भित्रा वाटला. जोपर्यंत फ्रीजवाल्या कंपनीवर आणि त्या फोटोतल्या माणसावर असतो तोपर्यंत धारदार, स्टार पाहुणे आले की हळदीकुंकू.

याच्यापेक्षा आमचा तमाशा डेरिंगबाज होता. पठ्ठे बापूराव इथले, वाळवा तालुक्यातल्या रेठऱ्याचे, अण्णाभाऊ साठे पण त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. गवळणीत बघा, साक्षात कृष्ण आडवा आलाय आणि मावशी त्याला विचारते तू कोण टिकोजी, पेंद्या बोबड्या तोंडानं देवाची लाज काढतो. वगात राजा आला की सोंगाड्या त्याच्या सिंहासनाची किंमत विचारणार. देवाला आणि राजाला सोडलं नाही तिथं एखादा दादा म्हणजे कोण. आणि शाहीर शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफायचा, म्हणजे कॉनरसारखं दुसऱ्याच्या ओळी स्वतःच्या म्हणून खपवायची सोय नव्हती, चाल कुणाची पण असो, नाव मेलं तरी निघायचं नाही.

पण तमाशातच ती दुसरी गोष्ट पण होती, दौलतजादा. पुढच्या रांगेतला माणूस नोट काढतो, नाचणारी बाई ती घ्यायला येते, आणि मग त्याचं नाव मोठ्यानं पुकारलं जातं, अमुक गावचे अमुक पाटील यांच्याकडनं एवढे रुपये. पैसे बाईला, नाव पाटलाला. खरं सांगा, तो माणूस पैसे नाचाचे देत होता का नावाचे? माझ्या हिशोबानं आजचा वीस फुटी बॅनर म्हणजे ती नोट, निवेदक म्हणजे तो पुकारा, आणि सेलिब्रिटी तिथंच आहे जिथं ती बाई होती. फक्त एक वजा झालं, सोंगाड्या. त्याला कुणी बोलवत नाही. कार्यक्रमाच्या यादीत गणेशवंदना असते, लावणी असते, रीलस्टार असतो, आणि दादांची टोपी उडवणारा माणूस कुठंच नसतो. ते कुठला साऊंडवाला सुचवणार, बिल अडकलेलं असताना.

मिरजेच्या विसर्जनाच्या कमानी तुम्ही बघितल्या असतील, रस्ताभर, एकेक कमान घराएवढी, लांबनं माणसं बघायला येतात. त्यांच्यावर देवादिकांची, इतिहासातली मोठी मोठी चित्रं असतात आणि खाली शुभेच्छुकांची रांग. मी एकदा एका ठिकाणी ट्रॉलीवर अडीच तास अडकलेलो, मिरवणूक पुढं सरकेना, म्हणून फोटो मोजत बसलो, एकोणसत्तर झाले आणि ट्रॉली हलली. त्यात निम्मे माझे गिऱ्हाईक.

माझं मागणं फार नाही. मंडळांनी, मंचांनी सेलिब्रिटी आणू नये असं मी म्हणत नाही, म्हटलं तर माझाच धंदा बसेल. तिकीट लावा. दहा रुपये लावा, वीस लावा, लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना सोडा फुकट. मावसभाव म्हणतो गरिबानं काय बघायचं नाही का? अरे तोच गरीब जत्रेत तमाशाच्या तंबूला तिकीट काढून बसायचा आणि वग रंगला नाही तर तंबू डोक्यावर घ्यायचा. दहा रुपयांत त्याला तो अधिकार परत मिळतोय. मग बघू सत्कार एक तास दहा मिनिटं चालतो का. आणि ज्या दिवशी पब्लिक 'सत्कार बस झाला, नाच सुरू करा' म्हणून ओरडेल त्या दिवशी मराठीत पण कुणीतरी यावर पिक्चर लिहील. त्यात हिरो गायक नको, नटी नको. हिरो शुभेच्छुक पाहिजे. सकाळी उठून चौकात जाऊन स्वतःचा बॅनर वाऱ्यानं फाटला का बघणारा, शेजारच्या बॅनरवर आपला फोटो दुसऱ्या ओळीत का घेतला म्हणून भांडणारा, सेलिब्रिटीच्या मॅनेजरला 'मॅडमना माझं नाव दोनदा घ्यायला सांगा' म्हणून गयावया करणारा. मी असा माणूस बघितलाय, माझ्या मिक्सरच्या शेजारी उभं राहून तो नाव कधी येतंय याची वाट बघत होता, आणि नाव आलं तेव्हा नेमकं माईकनं हाऊलिंग मारलं, म्हणजे कुईं करून किंचाळला. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की विचारू नका.

आता एक कबुली देऊन टाकतो नाहीतर ओळखीचे लोक मला सोडणार नाहीत. यंदा एका मंडळानं न सांगता बॅनरवर माझा पण फोटो टाकला, खालून तिसरी ओळ, डावीकडनं पाचवा, 'साऊंड सौजन्य' म्हणून. मी माझ्या हेल्परला, राजाला पाठवून त्याचा फोटो काढून आणला आणि स्टेटसला ठेवला, संध्याकाळपर्यंत चार वेळा कुणी कुणी बघितलं ते बघितलं. आईनं तर शेजारच्या काकूंना रिक्षानं नेऊन दाखवला. त्या मंडळाकडनं साडेसहा हजार अजून यायचेत, मागायला गेलो की अध्यक्ष खांद्यावर हात टाकून म्हणतात, अरे तुला बॅनरवर घेतलं की.